उच-काइंगच्या अकरा उत्तरपत्रिका

दरवर्षी मार्चअखेरीस जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचा एक तक्ता तयार होतो, आणि मी निवृत्त झालो तरी तो अजून मीच करतो. दुसऱ्या कोणाला हे कंटाळवाणे काम नको असते. आमचा जिल्हा लहान, शाळा चौदा. डावीकडे शाळेचे नाव, मग विद्यार्थी, शिक्षक, रिकाम्या जागा, पुस्तके, संगणक, हिवाळ्याचा कोळसा आणि शेवटच्या रकान्यात दहावीच्या गणिताच्या चाचणीची सरासरी. तक्ता नीट मांडला की तो डोंगरउतारासारखा दिसतो. जिथे पुस्तके आणि शिक्षक जास्त तिथे गुण जास्त, आणि रस्ता जसजसा वर चढतो तसतसे सगळेच कमी होत जाते.

या वर्षी अगदी शेवटच्या ओळीत तो उतार मोडला. उच-काइंग. गणिताच्या शिक्षकाची जागा तीन वर्षे रिकामी. संगणक दोन, त्यातला एक बंद. दहावीची गणिताची पुस्तके चार. आणि शेवटच्या रकान्यात शंभरापैकी एक्याऐंशी. जिल्ह्याच्या गावातल्या मोठ्या शाळेला परदेशी देणगीतून प्रयोगशाळा मिळाली आहे, तिचे एकसष्ट होते.

मी तो आकडा तीनदा तपासला. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागवला. अकरा मुले, अकरा पत्रिका, बेरीज बरोबर. मग मी आयुष्यभर करत आलो तेच केले. समासात पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढले. माझ्या पुस्तकांत, पत्रांत, स्वतःच्याच टिपणांत अशी प्रश्नचिन्हे जागोजाग असतात. त्यांचा अर्थ एवढाच, की मला खात्री नाही. शिक्षणाधिकाऱ्यांनी मात्र असा अर्थ घेतला की म्हाताऱ्या ओमुरकुलने काहीतरी हेरले आहे.

"आगाय, तुम्ही खूण केलीत ते बरं झालं," ते म्हणाले. मी वर्गात शिकवले ते तीनच वर्षे, तेही पन्नास वर्षांपूर्वी. बाकी आयुष्य जिल्ह्याच्या ग्रंथालयात गेले. तरी लोक मला मास्तरांना म्हणतात तसे अजून आगायच म्हणतात. "आता तुम्हीच वर जाऊन या. सिर्गाक येईल बरोबर. फसवणूक निघाली तर निकाल रद्द आणि त्या शाळेचे वरचे दोन वर्ग बंद. अकरा पोरांसाठी किती दिवस चालवायचे?"

"आणि ती पोरं?"

"खाली येतील की शिकायला."

खाली म्हणजे बासष्ट किलोमीटर. वसतिगृह नाही. अकरांपैकी सात मुली. शाळा सुटून घरी बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचे आमच्याकडे पुढच्या वसंतात काय होते, ते त्यांना ठाऊक होते आणि मलाही. कोणाच्या तरी घरची सून होते. खूण माझीच होती.

सिर्गाक तपासनीस आहे. पस्तिशीचा, राजधानीत वाढलेला, हुशार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्याच्या जुन्या निवा गाडीतून निघालो. खाली जर्दाळू फुलले होते; वर रस्त्याच्या कडेला अजून मळकट बर्फ होते.

"तीन प्रकार असतात, आगाय," तो म्हणाला. "एक, पेपर आधीच फुटला. दोन, फळ्यावर उत्तरं लिहून दिली. तीन, पोरांच्या जागी दुसरंच कोणी बसलं. तुमची पैज कशावर?"

"मला नाही सांगता येणार."

"तुम्हाला कधी काही सांगता येतं का? बायकोला लग्नाचं विचारलंत तेव्हा तरी खात्री होती?"

"तिनेच विचारलं होतं," मी म्हणालो. ते खरे होते. तो इतका हसला की गाडी खड्ड्यात गेली.

"एक लक्षात ठेवा," वर येता येता तो म्हणाला. "जेवायला बसवतील. मेंढी कापतील. मेंढी जेवढी मोठी तेवढी लबाडी मोठी. मी खाणार, पण विरघळणार नाही. तुमचं मला सांगता येत नाही."

मुख्याध्यापिका कालिपा एजे शाळेच्या पायरीवरच उभी होती, बोटे कापलेले लोकरी हातमोजे घालून. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई, मूळची इतिहासाची शिक्षिका; एजे म्हणजे ताई, शिक्षिकांनाही आमच्याकडे तसेच म्हणतात. तिच्यामागे सगळे शिक्षक ओळीने. कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

"आम्ही येणार हे कळवलं नव्हतं," सिर्गाक म्हणाला.

"खालच्या वळणावर गाडी दिसली की आम्ही चहा ठेवतो," ती म्हणाली. "गाडीला वर यायला चाळीस मिनिटं लागतात, चहाला दहा."

सिर्गाकने माझ्याकडे पाहिले. चाळीस मिनिटांत काय काय लपवता येते, असे त्या पाहण्यात होते. मलाही तेच वाटले, आणि वाटल्याची लाज वाटली.

हजेरीपटात गणिताच्या तासांपुढे कालिपाचेच नाव होते. जागा रिकामी, म्हणून मीच घेते, ती म्हणाली. मी मुलांच्या वह्या मागितल्या. प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे उदाहरण सोडवलेले आणि उजवीकडे तेच उदाहरण उलट्या बाजूने, उत्तरापासून निघून पहिल्या आकड्यापर्यंत परत आलेले. अकराही वह्यांत तसेच. उत्तरपत्रिकांतही हीच पद्धत होती. तेव्हा मी ती नुसती पाहिली होती, तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. अशी पद्धत आमच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. इतिहासाच्या बाईला ती कुठून सुचली असेल? आणि बऱ्याच पानांच्या कोपऱ्यावर काळा अंगठा उमटलेला होता. मोठ्या माणसाचा.

मी हे सिर्गाकला सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे की नाही, हेच मला ठरवता येईना.

त्याच्याकडे मोहोरबंद पाकिटात नवे प्रश्न होते. त्याने मुलांना एकेका बाकावर बसवले, फोन काढून घेतले, मला खिडकीपाशी उभे केले आणि स्वतः दारात राहिला. वीस मिनिटे नुसती पेनांची खरखर. मग भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या नळीतून आवाज आला. ठण. थोडे थांबून ठण, ठण. पुन्हा थांबून तीनदा.

सिर्गाक ताठ झाला. "ऐकलंत? खुणा करतायत." आणि तो धावत बाहेर गेला. मुलांनी मान वर केली नाही. ती इतकी शहाण्यासारखी बसली होती की माझा संशय उलट वाढला.

तो पाच मिनिटांनी परत आला तेव्हा त्याच्या बुटांना कोळशाची भुकटी लागली होती. "भट्टीवाला आहे. जाळीत अडकलेली राख ठोकतोय म्हणे. भट्टी बंदच करायला लावली."

वर्ग गार पडला. मुलांनी कोट चढवले आणि बोटांवर फुंकर घालत लिहीत राहिली. एका मुलीने लिहून लिहून हात दुखला म्हणून पेन डाव्या हातात घेतले आणि पुढे लिहिले. तिचे अक्षर वाकडे झाले, उत्तर बरोबर होते.

आम्ही शिक्षकांच्या खोलीत बसून पत्रिका तपासल्या. सरासरी एकोणऐंशी.

सिर्गाक बराच वेळ पेनाचे टोपण उघडझाप करत राहिला. "म्हणजे पोरांना येतं," तो शेवटी म्हणाला, जणू कोणी त्याची गंमत केली होती. "ठीक. मग शिकवलं कोणी?"

"हजेरीपटात..."

"हजेरीपटात माझ्या आजीचंही नाव घालता येईल, आगाय."

त्याने कालिपाला बोलावले आणि सहावा प्रश्न फळ्यावर सोडवायला सांगितला. तिने खडू घेतला, दिलेले आकडे सुंदर अक्षरात लिहिले, खाली रेघ मारली आणि थांबली. ती इतका वेळ थांबली की मीच खिडकीबाहेर पाहू लागलो.

"आज डोकं ठणकतंय," ती म्हणाली.

"का, भट्टी बंद आहे म्हणून?"

"इतिहासाचं विचारा साहेब, उद्या सकाळपर्यंत सांगेन."

मग त्याने मुलांना विचारले, गणित कोण शिकवतं? अकरा तोंडांतून एकाच वेळी, एकाच चालीत आले, "कालिपा एजे." एखादा शब्दही पुढेमागे नाही.

बाहेर आल्यावर सिर्गाकने मला बाजूला घेतले. "कागदावर एक आणि फळ्यापाशी दुसरं, हीसुद्धा फसवणूकच. बिनप्रमाणपत्राच्या माणसाने घेतलेले तास धरतच नाहीत. तो माणूस कोण एवढं कळलं की काम झालं. निकाल रद्द, वर्ग बंद, आपण घरी."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, की तो माणूस कोण ते आम्हाला कळू नये.

जेवण कालिपाच्या घरी होते, दुपारी दोनला. मेंढी खरोखरच मोठी होती. मला दाराच्या समोरच्या मानाच्या जागी बसवले, कारण वयाने मीच थोरला. माझ्या एका हाताला गावचे दोन वृद्ध, दोघेही सत्तरी ओलांडलेले, दुसऱ्या हाताला सिर्गाक. मग शिक्षक. आणि अगदी दाराशी, जिथे जोडे काढतात तिथे, भट्टीवाला. त्याचे नाव बेइशेन. पंचेचाळीस-सेहेचाळीसचा, हडकुळा, हात घासून लाल झालेले पण नखांच्या कडा काळ्याच. भट्टीवाल्याला पंगतीला का बोलावले असेल, असे माझ्या मनात आले. मग वाटले, लहान गाव आहे, सगळ्यांनाच बोलावत असतील.

मांस वाटत होता कालिपाचा नवरा तुर्गुन. आमच्याकडे मांस वाटणे म्हणजे माणसांची ओळ लावणे. कोणते हाड कोणापुढे, हे वयाने आणि मानाने ठरलेले असते. त्यात चूक झाली तर लोक वीस वर्षे बोलून दाखवतात. कमरेचे हाड, जाम्बाश, सर्वांत मोठ्या मानाचे, आणि एका मेंढीत ती दोनच. पहिले त्याने माझ्यापुढे ठेवले. दुसरे उचलले. ते वृद्धांपैकी थोरल्याला जायचे, किंवा सरकारी पाहुणा म्हणून फार तर सिर्गाकला. तुर्गुन काहीतरी बोलत होता, गेल्या आठवड्यातल्या हिमवादळाविषयी, आणि बोलता बोलता त्याचा हात वृद्धांवरून गेला, सिर्गाकवरून गेला, सगळ्या शिक्षकांवरून गेला आणि ते हाड त्याने दाराशी बसलेल्या भट्टीवाल्यापुढे ठेवले.

मग त्याला कळले. त्याचे वाक्य तुटले. कालिपा चहा ओतत होती, तिचा हात तसाच राहिला आणि चहा कपाबाहेर सांडला. बेइशेनने खाली पाहिले, हाडाला हात लावला नाही.

"खा रे बेइशेन," थोरले वृद्ध शांतपणे म्हणाले, "गार होतंय." त्यांच्यापुढे नळीचे हाड आले होते, जे त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान माणसाला देतात. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

सिर्गाक फोन हलवून हलवून सिग्नल शोधत होता. राजधानीत मांस ताटल्यांतून वाढतात, जे येईल ते खातात. त्याला काही दिसले नाही. मला दिसले. आणि मी ते दिसले नाही असे दाखवण्यासाठी बोरसोकचा, तळलेल्या पावाचा, इतका मोठा तुकडा तोंडात घातला की मला ठसका लागला.

जेवणानंतर दुवा मागायला ओंजळी वर झाल्या, तोंडावरून हात फिरले, आणि सिर्गाक सिग्नलसाठी मागची टेकडी चढून गेला. मी पाय मोकळे करायच्या निमित्ताने शाळेकडे वळलो. चालताना मी स्वतःला समजावत होतो. बेइशेन तुर्गुनचा कोणी नातलग असेल. त्याने कोणाचा जीव वाचवला असेल. पुस्तके वाचून वाचून माणसाला जिथे तिथे गुपिते दिसायला लागतात, आणि मी तर दुसरे काही केलेलेच नाही.

भट्टीची खोली शाळेच्या मागे होती. दार लोटले. एका बाजूला कोळशाचा ढीग, दुसऱ्या बाजूला दोन विटांवर टाकलेल्या फळ्यांची तीन बाके. भिंत काजळीने इतकी काळी झालेली, की फळ्याची गरजच नव्हती. ती ओल्या फडक्याने पुसलेली होती, घाईत, आणि वरच्या कोपऱ्यात एक त्रिकोण तसाच राहिला होता.

"उंचीला हात पुरला नाही वाटतं," मी म्हणालो. बेइशेन माझ्यामागून आत आला होता.

"स्टुलावर चढायला वेळ नव्हता, आगाय." तो ढिगाच्या कडेला बसला. "तुम्ही पाहिलंत जेवताना. मला कळलं."

तो खाणीत भूमापक होता. मोजत मोजत डोंगराला वळसा घालायचा आणि निघाल्या ठिकाणीच परत यायचे. आकडा जुळला नाही तर सगळे पुन्हा. खाण बंद पडल्यावर तो इथे आला. पहिले वर्षभर त्याने वर्गातच गणित शिकवले. मग एका तपासणीत त्याच्याकडे शिक्षकाचे प्रमाणपत्र नसल्याचे निघाले आणि लेखी आदेश आला, की या माणसाने वर्गात पाऊल ठेवायचे नाही.

"या खोलीला वर्ग म्हणत नाहीत," तो म्हणाला. "पोरं ऊब घ्यायला येतात. मी राख काढता काढता बोलतो."

दारात कालिपा येऊन उभी राहिली. तिने चपलाही नीट घातल्या नव्हत्या.

"चार वेळा बजावलं होतं त्याला," ती नवऱ्याविषयी बोलत होती. "सकाळी बजावलं, कापताना बजावलं, ताट उचलताना बजावलं. सत्तावीस वर्षं संसार केला, पण एक हाड सांगितल्या जागी ठेवता येत नाही माणसाला. म्हणतो, हात गेला. हात गेला म्हणे."

"बेइशेनना बोलावलंतच कशाला पंगतीला?"

"न बोलावता मेंढी कापायची? गाव काय म्हणेल?"

माझ्या मनात एक वेडीवाकडी शंका आली: हे सगळे मुद्दाम तर केले नसेल? सिर्गाकला दिसणार नाही आणि मला दिसेल, असे पाहून? मी विचारले.

"आगाय," ती थकून म्हणाली, "मला एवढं डोकं असतं तर सहावा प्रश्न नसता सोडवला?"

उत्तर चांगले होते. म्हणूनच माझा पुरता विश्वास बसला नाही, आणि अजूनही बसलेला नाही.

"तुम्ही सांगणार त्याला?" तिने विचारले.

"विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात."

कालिपाने फळीवरची राख तळहाताने झटकली आणि म्हणाली, "सातपैकी तिघींच्या घरी बोलणी होऊन थांबलीत. आयांना मी शब्द दिलाय, अकरावी होऊ द्या. वर्ग बंद झाला की तो शब्द गेला." तिने तिघींची नावे घेतली नाहीत. पेन डाव्या हातात घेणारी त्यात आहे का, असे विचारावेसे वाटले, पण धीर झाला नाही.

"नियमात सहायक बसतो," मी म्हणालो. हे नियम मीच वर्षानुवर्षे फायलींत लावत आलो आहे, ते मला पाठ आहेत. "प्रमाणपत्र नसलेला माणूस शिकवू शकतो, पण वर्गात त्या विषयाचा प्रमाणित शिक्षक बसलेला हवा."

"प्रमाणित शिक्षक मिळाला असता तर हे सगळं केलं असतं का?" कालिपा म्हणाली. "तीन वर्षं जाहिरात देतेय. एक आला होता. बर्फ बघून त्याच गाडीने परत गेला."

मला काय बोलायचे आहे ते माझ्या लक्षात आले होते आणि त्याची भीती वाटत होती. माझे प्रमाणपत्र गणिताचे आहे. घरी कपाटाच्या खालच्या खणात आहे. ती तीन वर्षे मी वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत असे, म्हणजे चेहरे दिसू नयेत. आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नसे. तिसऱ्या वर्षी एका मुलाने सगळ्यांसमोर विचारले, आगाय, तुम्ही आमच्याशी बोलताय की भिंतीशी? त्यानंतर मी ग्रंथालयात बदली मागून घेतली. पुस्तके प्रश्न विचारत नाहीत.

उतरताना तिसऱ्या वळणावर सिर्गाकने विचारले, "मग? तुम्ही बराच वेळ गायब होता. कळलं का, कोण शिकवतं ते?"

मी सगळे सांगितले. हाड, खोली, आदेश, खाण. माझे कान लाल झाले होते, खरे बोलत असूनही. सिर्गाकने गाडी कडेला घेतली.

"भट्टीवाला," तो म्हणाला. "आणि मी त्याचीच भट्टी बंद करायला लावली." मग त्याचे डोळे बारीक झाले. "पण हे तुम्ही मला का सांगताय? तुम्हाला तर ती शाळा वाचवायचीय. तोंडावर दिसतंय."

"मार्चची चाचणी रद्द झाली तरी आजची आपण घेतली, मोहोरबंद पाकिटातली. पोरांना कोणी शिकवलं, याने त्या आकड्यात फरक पडत नाही. ती अहवालाला जोडता येईल. आणि पुढच्या वर्षी..." मी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पुढच्या वर्षी प्रमाणित शिक्षक म्हणून मी बसेन. बेइशेन शिकवेल. उघडपणे, वर्गात."

"तुम्ही? इथे राहणार? या वयात?"

"कालिपा एजे खोली देईल. म्हणजे अजून विचारलं नाही."

"आगाय," तो म्हणाला, "एका जाम्बाशमध्ये फुटलात?"

"मला तसं वाटत नाही. पण तू म्हणतोस तर असेलही."

तो हसला नाही. त्याने गाडी पुन्हा सुरू केली. "मी जे पाहिलं ते लिहीन. तुम्ही सांगितलं तेही लिहीन. तुमच्या बाजूने एक शब्द जास्त नाही."

"तेवढंच हवंय," मी म्हणालो.

शिक्षणाधिकाऱ्यांनी अहवाल तीन आठवडे ठेवून घेतला. मग मला बोलावले. त्यांच्यापुढे माझे प्रमाणपत्र होते आणि ते त्यांनी उजेडात धरून पाहिले, शिक्का खरा आहे का म्हणून.

"कालिपा तुमची कोण लागते?"

"कोणी नाही."

"तो भूमापक?"

"कोणी नाही."

"मग यात तुमचं काय आहे?" त्यांनी ते आवाज खाली आणून विचारले, जणू मी खरे उत्तर हळूच देईन. मी म्हणालो, खूण माझी होती. त्यांना ते पटले नाही. पण नियम त्यांनाही पाठ होता, आणि फेरचाचणीचा आकडा त्यांच्याच तपासनिसाच्या सहीचा होता. एक वर्ष, ते म्हणाले. हे अकरा अकरावी पूर्ण करेपर्यंत. मधे केव्हाही तपासणी होईल, न कळवता. वर्गात एक दिवस प्रमाणित शिक्षक दिसला नाही, की त्याच दिवशी वर्ग बंद.

सप्टेंबरपासून मी इथे आहे. सर्वांत मागच्या बाकावर बसतो, गुडघे बाकाला लागतात. बेइशेन आता खऱ्या फळ्यावर शिकवतो. सुरुवातीला त्याचा आवाज दबलेला असे, राख काढता काढता बोलायची सवय. हजेरीपटात शिक्षकाच्या नावासाठी एकच अरुंद चौकट आहे. पहिल्या दिवशी मी तिच्यात फक्त माझे नाव लिहिले, नियमाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी लिहिताना पेन थांबले. सही माझी आणि तास त्याचा, मग मी काय पकडायला आलो होतो इथे? तेव्हापासून मी त्या चौकटीत दोन नावे लिहितो, बारीक अक्षरात, एकाखाली एक. चालते की नाही, कोणाला विचारले नाही.

सातही मुली येतात. डाव्या हाताने लिहिणारी आता दोन्ही हातांनी लिहिते, आणि तिच्या आईने मला एकदा रस्त्यात थांबवून विचारले, "अकरावीनंतर काय?" मी म्हणालो, बघू. ती बाई माझ्याकडे पाहत राहिली. म्हातारा आपल्याला नादी लावतोय की काय, असे तिला वाटत असावे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तिसऱ्या तासाला, दार वाजले नाही, नुसते उघडले. सिर्गाक. टोपीवर गवताच्या काड्या. तो गवताच्या ट्रकमधून आला होता, म्हणजे खालच्या वळणावर निवा दिसू नये.

बेइशेनचे उदाहरण अर्ध्यावर होते. त्याने सिर्गाकला पाहिले आणि खडू ठेवला, हात विजारीला पुसले आणि दाराकडे निघाला. तीन वर्षांची सवय. मुलांनी वह्या मिटल्या. अकराही जणांनी एकदम, एकाच वेळी. आणि मला दिसले, की आणखी दोन पावलांत तो दाराबाहेर असेल आणि फळ्यापाशी कोणी नसेल, आणि सिर्गाक तेच लिहील.

मी उभा राहिलो. बाक सरकून मोठा आवाज झाला आणि सगळ्यांनी मागे वळून पाहिले. तेरा चेहरे, सिर्गाकचा आणि बेइशेनचा धरून.

"थांबा, बेइशेन," मी म्हणालो. आवाज फळ्यापर्यंत गेला. कसा गेला ते मला माहीत नाही. "हा तास माझ्या नावावर आहे आणि तो तुम्ही घेताय. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही हजेरीपटात लिहिलंय. उदाहरण अर्धं राहिलंय."

बेइशेनने सिर्गाककडे पाहिले, मग माझ्याकडे. त्याने खडू उचलला. वह्या एकेक करून उघडल्या.

सिर्गाक माझ्या बाकावर येऊन बसला. बाक दोघांना पुरला नसता. त्याने माझ्यापुढचा हजेरीपट ओढून घेतला, त्या अरुंद चौकटीवर बोट ठेवून दोन्ही नावे वाचली, स्वतःची वही काढली आणि वर तारीख घातली. काय लिहितोय ते मला दिसू नये म्हणून त्याने डाव्या हाताचा आडोसा केला. मी तिकडे न पाहता फळ्याकडे पाहत राहिलो. बसावे की नाही हे मला ठरवता येत नव्हते, म्हणून तास संपेपर्यंत मी उभाच राहिलो.